बोनान्झाच्या सोन्याची गोष्ट आहे तशी सांगा

उद्योजकतेच्या व्याख्यानांतून, शाळेच्या परिपाठातून आणि मोबाइलवरच्या गटांतून एक गोष्ट सारखी फिरत असते. थोडक्यात ती अशी: अलास्कातल्या निर्जन, बर्फाळ मुलखात १८९६ साली जॉर्ज कार्मॅक नावाच्या एकट्या भटक्यानं ओढ्यात हात घातला आणि मूठभर सोनं वर आलं. बातमी फुटली तशी लाखभर माणसं निघाली. भित्रे घरी बसले, धाडसी कोट्यधीश झाले. दोन-तीन वर्षांत ओढ्यातलं सोनं संपलं. म्हणून संधी दिसली की मागचापुढचा विचार न करता उडी घ्या.

यातलं साल बरोबर आहे. कार्मॅक खरा आहे. ओढाही खरा आहे; तेव्हा त्याला रॅबिट क्रीक म्हणत, सोनं सापडल्यावर तो बोनान्झा क्रीक झाला. लाखभर माणसं निघाली हाही इतिहासकारांनी बहुतेक मान्य केलेला अंदाज आहे. बाकीचं जवळजवळ सगळं चुकीचं आहे आणि या चुका निरुपद्रवी नाहीत. एका खोऱ्याचा भूगोल आणि तिथल्या माणसांचा इतिहास पुसून टाकून त्या जागी हा बोध उभा केलेला आहे. तो चौथी-पाचवीतल्या मुलांना सांगितला जातो म्हणून हे सविस्तर उत्तर.

आधी "अलास्कात". बोनान्झा कॅनडाच्या युकॉन प्रांतात आहे, तेव्हाही कॅनडातच होता. किंग सॉलोमन डोम नावाच्या उंचवट्याच्या उतारावर तो उगम पावतो, वायव्येकडे वाहतो आणि क्लोंडाइक नदीला मिळतो. तिथून थोड्याच अंतरावर क्लोंडाइक युकॉन या मोठ्या नदीत शिरते. त्या संगमावर डॉसन हे गाव वसलं. अलास्काची सीमा म्हणजे १४१ अंश पश्चिम रेखावृत्त. विल्यम ओगिल्व्ही या सरकारी मोजणी अधिकाऱ्यानं १८८७-८८ मध्येच तिथं जाऊन या रेषेची जागा निश्चित केली होती आणि ओढा तिच्या बराच पूर्वेला आहे. गोंधळ का होतो हे समजण्यासारखं आहे. लोक सिॲटल आणि सॅन फ्रान्सिस्कोहून बोटीत बसले, अलास्काच्या किनाऱ्यावर उतरले आणि बातम्या अमेरिकी वर्तमानपत्रांनी छापल्या. पण देश कुठला हा इथं नुसता नकाशाचा प्रश्न नाही. ओढ्याकाठी कुणी किती जमीन धरायची, नोंद कुठं करायची, सरकारला किती भाग द्यायचा, हे सगळं कॅनडाच्या कायद्यानं ठरलं. प्रवाहाच्या लांबीत ५०० फूट, रुंदीत खोऱ्याच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, असा एक क्लेम, म्हणजे खणण्याच्या हक्काचा तुकडा, असे. शोध लावणाऱ्याला दोन मिळत, बाकी सगळ्यांना एक. वायव्य पोलीस दलाचं ठाणं सोनं सापडण्याच्या आधीच फोर्टीमाइल या युकॉन नदीकाठच्या वस्तीत होतं. अलास्का म्हटलं की हे सगळं गळून पडतं आणि उरतो तो "ज्याच्या हाती पिस्तूल त्याची जमीन" असा सिनेमातला मुलूख. तसा तो नव्हता.

"निर्जन" या शब्दावर मात्र जास्त थांबावं लागेल.

क्लोंडाइक नदी युकॉनला मिळते त्या जागी ट्रॉचेक नावाचा मासेमारीचा तळ होता. हा मुलूख ट्रॉन्डेक ह्वेचिन लोकांचा. दर उन्हाळ्यात समुद्रातून हजारो किलोमीटर वर चढून येणारा सामन मासा ते इथं पकडत, फाळके करून वाळवत आणि धुरावर धरून हिवाळ्यासाठी साठवत. वर्षाचं गणित या माशावर उभं होतं. उरलेल्या काळात शिकारीसाठी ते डोंगरात जात, कॅरिबू आणि मूस ही हरणं मारून आणत. म्हणजे ओढ्याच्या खोऱ्यात पक्की घरं दिसली नाहीत, तरी ते खोरं कुणाच्या तरी येण्याजाण्याचं, जगण्याचं होतं. १८९६ च्या उन्हाळ्यात कार्मॅक स्वतः याच संगमावर मासे पकडत होता. निर्जन जागी तो आला असता तर त्याला तिथं मासळीचा तळ भेटला नसता.

पुढं काय झालं ते या फिरत्या गोष्टीत कधीच येत नाही. सोनं सापडल्यावर काही महिन्यांतच संगमावर माणसांचा लोंढा आला. तळाच्या समोरच्या काठावर जो लदू नावाच्या व्यापाऱ्यानं गावठाण आखलं, प्लॉट पाडले, लाकडाची गिरणी आणली. मासळीच्या तळावर झोपड्या उठल्या. त्या वेळचे प्रमुख चीफ आयझॅक यांनी आपल्या लोकांना १८९७ मध्ये नदीच्या खालच्या अंगाला पाचेक किलोमीटरवर मूसहाइड इथं नेलं. आजूबाजूचे डोंगर लाकडासाठी बोडके झाले, शिकार लांब गेली, साथीचे आजार आले. या लोंढ्यात आपली गाणी आणि नाच टिकणार नाहीत हे ओळखून आयझॅक यांनी ती सीमेपलीकडच्या अलास्कातल्या नातलगांकडं सांभाळायला दिली. त्या नातलगांनी ती जपली, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस ती परत आणली गेली. आज मूसहाइडला दर दोन वर्षांनी मेळावा भरतो, त्यात ती गाणी म्हटली जातात. एका माणसानं आपल्या समाजाची गाणी दुसऱ्याच्या हवाली करून वाचवली, ही दूरदृष्टी मला त्या दशकातल्या सगळ्या सोन्याच्या किश्शांपेक्षा मोठी वाटते. मुलांना सांगायचंच असेल तर हे सांगावं.

ट्रॉन्डेक ह्वेचिन आजही तिथंच आहेत. जमिनीच्या हक्काबाबतचा त्यांचा अंतिम करार १९९८ मध्ये झाला, आणि २०२३ साली युनेस्कोनं ट्रॉन्डेक-क्लोंडाइक हा प्रदेश जागतिक वारसा यादीत घेतला. त्या नोंदीचा विषय सोन्याचं वैभव नाही. वसाहतवादाला एका स्थानिक समाजानं कसं तोंड दिलं, याचा पुरावा म्हणून ते स्थळ नोंदलं गेलं.

आता "एकट्या कार्मॅकनं". तो एकटा कधीच नव्हता. त्याची बायको शाव त्ला, जिला गोरे लोक केट म्हणत, ती युकॉनमधल्या टॅगिश या आदिवासी समाजातली होती. तिचा भाऊ कीश, म्हणजे स्कूकम जिम, आणि त्यांचा भाचा का गूख, म्हणजे डॉसन चार्ली, हे दोघं त्याच्यासोबत होते. टॅगिश लोकांच्या तोंडून आलेली हकीकत सांगते की जिम आणि भाचे उत्तरेला आले ते सोन्यासाठी नव्हे, तर बराच काळ खबर नसलेल्या बहिणीच्या शोधात. आपल्याकडच्या सांगण्यात ही नात्याची बाजू पूर्ण गायब आहे, आणि तिच्याशिवाय ही माणसं त्या ओढ्यावर एकत्र कशी आली हेच कळत नाही.

सोनं पहिल्यांदा कुणी पाहिलं यावर दोन सांगणी आहेत. कार्मॅक म्हणे, मी. जिम आणि चार्ली सांगत की कार्मॅक झोपला होता आणि जिमला पाण्याकाठी सोनं दिसलं. केटनं पाहिलं असंही एक सांगणं आहे. तारीख १६ ऑगस्ट १८९६ मानतात. दुसऱ्या दिवशी खुंट्या ठोकल्या गेल्या तेव्हा शोधाचा क्लेम कार्मॅकनं आपल्या नावावर घेतला. इंडियन, म्हणजे तिथल्या आदिवासी, माणसाच्या नावावर शोधाची नोंद कुणी होऊ देणार नाही, असं त्यानं मेहुण्याला सांगितलं. मूळ क्लेम आणि त्याच्या खालचा पहिला कार्मॅकला, वरचा पहिला जिमला, खालचा दुसरा चार्लीला, अशी वाटणी झाली. मग कार्मॅक आणि चार्ली नोंदणीसाठी युकॉन नदीनं फोर्टीमाइलला गेले, आणि जागेची राखण करायला थांबला तो जिम. शोध ज्याचा मानला जातो तो गावात, आणि राखणीला जिम. हा तपशील पुरेसा बोलका आहे.

याच प्रकरणात रॉबर्ट हेंडरसन नावाचा नोव्हा स्कोशियाचा माणूस येतो. तो डोंगराच्या पलीकडच्या अंगाला गोल्ड बॉटम नावाच्या ओढ्यावर सोनं शोधत होता, आणि त्यानंच कार्मॅकला या बाजूला येण्याचं सुचवलं होतं. पण जिम आणि चार्ली आपल्या ओढ्यावर नकोत, हेही त्यानं तोंडावर सुनावलं. त्यांना तंबाखूसुद्धा विकायला त्यानं नकार दिला, असं सांगतात. रॅबिट क्रीकवर सोनं लागलं तेव्हा डोंगरापलीकडं निरोप पाठवायची कुणाला गरज वाटली नाही. हेंडरसनला कळेपर्यंत ओढा अडवला गेला होता. पुढं कॅनडा सरकारनं सहशोधक म्हणून त्याला महिना २०० डॉलरचं निवृत्तिवेतन दिलं. ज्यांनी प्रत्यक्ष खुंट्या ठोकल्या त्या दोन टॅगिश माणसांचं नाव मात्र सरकारी पातळीवर बराच काळ मागं राहिलं.

केटचं काय झालं? कार्मॅकनं १९०० मध्ये तिला सोडून दुसरं लग्न केलं. समाजाच्या रीतीनं लागलेलं लग्न कागदावर नव्हतं, त्यामुळं सोन्यातला वाटा तिला मिळाला नाही. ती कारक्रॉसला माहेरच्या मुलखात परतली आणि १९२० मध्ये फ्लूच्या साथीत वारली. चार्ली १९०८ साली कारक्रॉसच्या पुलावरून पडून बुडाला. जिम १९१६ मध्ये गेला. जाताना त्यानं आपल्या पैशाचा विश्वस्त निधी युकॉनमधल्या आदिवासी लोकांसाठी ठेवला, आणि व्हाइटहॉर्समधलं त्याच्या नावाचं केंद्र त्या निधीतूनही उभं राहिलं. कॅनडाच्या खाणकाम सन्मान यादीत कार्मॅक, हेंडरसन, जिम आणि चार्ली १९९९ मध्ये आले. केटचं नाव त्यात यायला २०१९ उजाडलं.

आता ज्या वाक्यावर या गोष्टीचा सगळा डोलारा आहे ते: "ओढ्यात हात घातला आणि सोनं वर आलं." सोनं कुठून येतं आणि कुठं बसतं, हे कळलं की धाडसाची भाषा आपोआप गळते.

आपल्याकडं सोन्याची खाण म्हटलं की कोलार आठवतं: दगडातल्या शिरा, तीन किलोमीटरहून खोल गेलेली विवरं. क्लोंडाइकचं सोनं मुळात तसंच गारगोटीच्या शिरांत होतं. पण लाखो वर्षं ऊन-पाऊस-थंडीनं डोंगर झिजले, शिरा फुटल्या, आणि कण ओढ्यांत आले. सोन्याची घनता पाण्याच्या १९ पटींहून जास्त, गारगोटीची तिप्पटही नाही. त्यामुळं पूर आला की वाळू-गोटे पुढं जातात आणि सोनं खाली, अजून खाली सरकत तळच्या खडकाच्या भेगांत जाऊन बसतं. सराफकट्ट्यावरची धूळ झाडून नेऊन ती धुणारे झारेकरी ज्या गुणावर पोट भरत आले, त्याच गुणावर नदी लाखो वर्षं काम करते.

तरीही उत्तरेतल्या बहुतेक ओढ्यांत असं सोनं टिकलं नाही. हिमयुगांत कॅनडाचा जवळजवळ सगळा भाग बर्फाच्या जाड थरांखाली होता. सरकत्या हिमनद्यांनी खोरी खरवडली, गाळ उचलून दूरवर फेकला. क्लोंडाइकचा पठारी भाग त्यातून सुटला. नैऋत्येला सेंट एलियाससारखे उंच डोंगर आहेत; प्रशांत महासागरावरून येणारी बाष्पं तेच अडवतात, त्यामुळं पलीकडं हिमवृष्टीच इतकी कमी होत असे की हिमनदी तयार झाली नाही. सोनं तिथं राहिलं ते बर्फ होतं म्हणून नव्हे, तर बर्फाची नदी नव्हती म्हणून. "बर्फाळ मुलखातलं सोनं" म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट मुळातून उलटी केली आहे.

पुढचा टप्पा आणखी नीट पाहण्यासारखा आहे. आजच्या ओढ्याच्या कित्येक मीटर वर, डोंगराच्या खांद्यावर, पांढुरक्या गोट्यांचे जुने थर आहेत. भूशास्त्रज्ञ त्यांना व्हाइट चॅनेल ग्रॅव्हल म्हणतात. तो काही दशलक्ष वर्षांपूर्वीचा नदीतळ. पुढं हिमयुगांच्या सुरुवातीला युकॉन नदीचीच दिशा बदलली, ओढे खोल कापत गेले, आणि जुन्या तळातलं काही सोनं धुपून नव्या तळात आलं. म्हणजे बोनान्झाच्या खोऱ्यात सोनं दोन मजल्यांवर आहे: खाली ओढ्यात आणि वर टेकडीच्या बाजूला. १८९६ मध्ये कुणालाच हे माहीत नव्हतं. जुन्या खाणकऱ्यांचं ठाम मत होतं की सोनं ओढ्यातच असतं. १८९७ मध्ये काही नवख्यांनी टेकडीच्या अंगावर खणायला घेतलं, तेव्हा जाणते हसले. तिथंही सोनं निघालं. एका टेकडीला चीचाको हिल हे नाव पडलं. तिकडं नवख्याला चीचाको म्हणत.

आणि हात घालण्याबद्दल. ऑगस्टमध्ये जे दिसलं ते काठावर उघड्या पडलेल्या खडकाच्या पापुद्र्यांत दिसलं. कार्मॅकनं बंदुकीच्या एका रिकाम्या काडतुसात ते भरून फोर्टीमाइलला नेलं. तिथल्या जाणत्या खाणकऱ्यांनी रंग आणि कणांचा आकार पाहून ओळखलं की हे आपल्या माहितीतल्या कुठल्याच ओढ्याचं नाही, आणि गाव एका रात्रीत रिकामं होऊ लागलं. पण असं उघडं सोनं फार थोडं होतं. बाकीचं खोल, गोठलेल्या जमिनीखाली होतं. वर शेवाळ, मग काळा गोठलेला चिखल, मग गोठलेले गोटे, आणि त्याखाली खडक. काही ठिकाणी खडकापर्यंत पोचायला पाच मीटर, काही ठिकाणी त्याच्या दुप्पट-तिप्पट. जमीन इतकी कडक की पहार उडते. उन्हाळ्यात खणावं तर वरची जमीन सुटून खड्ड्यात पाणी भरतं. म्हणून काम हिवाळ्यात, उणे ४० अंशांत. रात्री लाकडं रचून आग लावायची, सकाळी विस्तव बाजूला करून सुटलेली वीतभर माती उपसायची, पुन्हा आग. असं करत खडक गाठायचा, मग तळाशी आडवं पोखरत जायचं. वर दोरानं बादल्या ओढून माती एका ढिगात टाकायची. तो ढीगही गोठून जाई. त्या हिवाळ्यात सगळं खोरं धुरानं भरलेलं असे. त्या ढिगात किती सोनं आहे हे मधूनमधून एखादी परात धुऊन अंदाजानं कळे. खरा हिशेब वसंतात, बर्फ वितळून पाणी आल्यावर, आडवे कप्पे लावलेल्या लाकडी पन्हळीतून सगळी माती वाहवल्यावर.

म्हणजे ऑगस्टमध्ये खुंटी ठोकलेल्या माणसाला आपण श्रीमंत आहोत की कंगाल, हे कळायला पुढच्या वर्षाचा मे उजाडे. तोवर उसनवारीवर, शेंगदाण्याएवढ्या सोन्याच्या आशेवर, डोळ्यांत धूर घेत काढायचे. यात धाडसापेक्षा सोसण्याचा भाग मोठा होता. अंदाज किती फसवे होते याचं उदाहरण एल्डोराडो या उपनदीचं. ग्रँड फोर्क्स या जागी ती बोनान्झाला मिळते. सुरुवातीला तिला कुणी फारसं विचारलं नाही. पुढं जगातल्या सगळ्यात समृद्ध ओढ्यांत तिची गणना झाली. चार्ली अँडरसन नावाच्या स्वीडिश माणसाला तिथला २९ क्रमांकाचा क्लेम दारूच्या नशेत ८०० डॉलरला गळ्यात मारला गेला, असं सांगतात; त्यानं दुसऱ्या दिवशी पैसे परत मागितले, ते मिळाले नाहीत, आणि त्या जमिनीनं त्याला दशलक्षाधीश केलं. ओगिल्व्ही मोजणीला आला तेव्हा अंदाजानं ठोकलेल्या खुंट्यांमध्ये अधल्यामधल्या चिंध्या उरल्या. त्याचा साखळी धरणारा डिक लो याच्या वाट्याला ८६ फुटांची अशीच एक चिंधी आली. त्यानं ती विकायचा प्रयत्न केला, गिऱ्हाईक मिळेना. तिच्यातून पुढं सुमारे पाच लाख डॉलरचं सोनं निघालं. अँडरसनला फसवलं गेलं, डिक लो याला गिऱ्हाईक मिळालं नाही. दोघंही संधी ओळखून उडी मारणाऱ्यांपैकी नव्हते.

इथून "धाडसी कोट्यधीश झाले" या वाक्याचं उत्तर सरळ कॅलेंडरनंच देता येतं. शोध ऑगस्ट १८९६ चा. त्या वर्षअखेरपर्यंत बोनान्झा आणि एल्डोराडो या दोन्ही ओढ्यांवरची चांगली जमीन टोकापासून टोकापर्यंत अडवली गेली होती. अडवणारे कोण? फोर्टीमाइल, सर्कल अशा नदीकाठच्या ठाण्यांवर वर्षानुवर्षं तुटपुंज्या सोन्यावर दिवस काढणारे जुने लोक. नदी गोठली, मुलूख जगापासून तुटला, आणि बाहेर बातमी पोचली ती १८९७ च्या जुलैमध्ये. एक्सेल्सियर बोट सॅन फ्रान्सिस्कोला लागली आणि १७ जुलैला पोर्टलंड ही बोट सिॲटलला. वर्तमानपत्रांनी टनभर सोनं आल्याचं छापलं. प्रत्यक्षात ते जास्तच होतं.

तेव्हा निघालेली लाखभर माणसं ज्या ओढ्यासाठी निघाली, तो त्यांनी तिकीट काढण्याच्या सात-आठ महिने आधीच वाटला गेला होता. त्यांना हे माहीत नव्हतं, आणि माल विकणाऱ्या बंदरांना ते सांगण्यात रस नव्हता. कॅनडाच्या पोलिसांनी चिलकूट आणि व्हाइट पास या खिंडींवर वर्षभराच्या शिध्याशिवाय आत सोडणं बंद केलं. उपासमार टाळण्यासाठी ते गरजेचंच होतं. सामान धरून माणशी टनभर ओझं झालं. ते पाठीवरून, तीच चढण पुन्हापुन्हा चढून न्यायचं. व्हाइट पासवर सुमारे ३००० घोडी-खेचरं मेली. ३ एप्रिल १८९८ ला चिलकूटच्या वाटेवर हिमकडा कोसळून साठहून जास्त माणसं गेली. बहुतेकांचा मुक्काम डॉसनला पडला तो १८९८ च्या उन्हाळ्यात, म्हणजे शोधाला जवळजवळ दोन वर्षं झाल्यावर.

सर्वसाधारणपणे दिले जाणारे अंदाज असे: निघाले एक लाख, पोचले तीस ते चाळीस हजार, सोनं मिळालं सुमारे चार हजारांना, आणि खरोखर श्रीमंत झाले ते काहीशे. त्या काहीशेंत बहुतेक आधीपासून नदीकाठी असलेले. उरलेल्यांनी दुसऱ्यांच्या क्लेमवर मजुरी केली, काहींनी उत्पन्नाच्या हिश्श्यावर कराराची जमीन घेतली, बरेच जण रस्त्यावर काही दिवस हिंडून परतले. १८९९ च्या उन्हाळ्यात अलास्कातल्या नोमच्या किनाऱ्यावर सोनं लागल्याचं कळलं आणि हजारोंनी डॉसन सोडलं. हे लोक भित्रे नव्हते. त्यांनी गोष्टीतल्या बोधाप्रमाणंच केलं, मागचापुढचा विचार न करता उडी घेतली. कर्ज काढून, जमीन विकून, घरच्यांना मागं ठेवून निघालेल्या त्या माणसांचा अपमान या गोष्टीतल्या दोन ओळींत होतो. आज तीच गोष्ट एखाद्या तरुणाला बचत मोडून पैसे गुंतवायला लावताना सांगितली जाते, तेव्हा माझा राग आणखी वाढतो.

"फावडी विकणारेच श्रीमंत झाले" अशी एक पुरवणीही हल्ली जोडतात. व्यापाऱ्यांना पैसा मिळाला हे खरं. जो लदूनं प्लॉट विकून कमावलं. बेलिंडा मलरूनी या बाईनं ग्रँड फोर्क्सला हॉटेल काढलं, मग डॉसनला मोठं हॉटेल बांधलं. पण त्याही आधी पोचलेल्याच होत्या. उशिरा माल घेऊन आलेल्या कित्येकांना तो पडत्या भावानं विकावा लागला. फावडं विकण्याचंही तेच झालं: कधी पोचलात यावर सगळं अवलंबून.

राहिलं "दोन-तीन वर्षांत सोनं संपलं". संपली ती हातानं खणणाऱ्या एकट्या-दुकट्याची पाळी. त्यानंतर कंपन्या आल्या, आणि ओढ्याचं खरं उलथंपालथं तेव्हा झालं. आगीऐवजी वाफेच्या नळ्या जमिनीत ठोकल्या जाऊ लागल्या. टेकड्यांच्या अंगावर पाण्याचे प्रचंड फवारे मारून व्हाइट चॅनेलचे थर खाली पाडण्यासाठी टूमस्टोन नदीपासून सुमारे ११२ किलोमीटरचा पाट, पन्हळी आणि नळ बांधले गेले. १९०६ ते १९०९ हे काम चाललं. मग ड्रेज आले: स्वतःच खणलेल्या तळ्यात तरंगत, बादल्यांच्या साखळीनं तळ उपसत पुढं सरकणारी यंत्रं. चार क्रमांकाचा ड्रेज १९१२ मध्ये बांधला गेला, आठ मजले उंच, लाकडी तळाच्या बादली-ड्रेजांमध्ये उत्तर अमेरिकेतला सर्वांत मोठा. त्याची पुनर्बांधणी होऊन १९४१ ते १९५९ तो बोनान्झाच्या खोऱ्यातच चालला, आणि आज तिथंच जतन केलेला उभा आहे. बेलिंडाचं हॉटेल असलेलं ग्रँड फोर्क्स हे हजारो वस्तीचं गाव या उपशात नाहीसं झालं. त्याच्या जागेवर ड्रेजनं मागं टाकलेले गोट्यांचे ढीग आहेत. खोऱ्याच्या तळाला असे ढीग किलोमीटर किलोमीटर पसरले आहेत, मूळ प्रवाह कुठला हे आता सांगता येत नाही. डॉसनजवळचा शेवटचा मोठा ड्रेज १९६६ मध्ये थांबला.

त्यानंतरही काम बंद झालं नाही. कुटुंबांच्या मालकीच्या छोट्या खाणी बुलडोझर आणि उत्खनक घेऊन क्लोंडाइकच्या ओढ्यांवर दर उन्हाळी आजही चालतात. गोठलेला काळा चिखल काढताना त्यांना मॅमथ आणि जुन्या बायसनांची हाडं सापडतात. जून २०२२ मध्ये युरेका क्रीकवर खाणकामगारांना मॅमथचं एक पिल्लू कातडीसकट मिळालं, तीस हजारांहून जास्त वर्षं जुनं. ट्रॉन्डेक ह्वेचिन ज्येष्ठांनी त्याचं नाव ठेवलं नुन चो गा. क्लोंडाइकमधून आजवर एक कोटी औंसांहून जास्त सोनं निघालं आहे. आपल्या मापात हे अडीच कोटी तोळ्यांच्या वर जातं. संपलेल्या ओढ्यातून एवढं निघत नाही.

आणि संपलं नाही म्हणूनच वादही संपलेला नाही. युकॉनमधून बाहेर जाणाऱ्या अशा गाळाच्या सोन्यावर सरकार जे स्वामित्वधन घेतं, ते औंसाला १५ डॉलर किंमत धरून अडीच टक्के, म्हणजे साडेसदतीस सेंट. हा दर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ठरला आणि शंभराहून अधिक वर्षं तसाच राहिला. दरम्यान सोन्याचा भाव औंसाला हजारो डॉलरांवर गेला. जमीन ज्यांची होती त्यांना या हिशेबातून काय मिळतं, हा प्रश्न युकॉनमध्ये आज उघडपणे विचारला जातो.